मजुरीचा रकाना

आई दिवाळीचा फराळ करून विकायची. त्या हिशेबाच्या अकरा वह्या माझ्याकडे आहेत. सगळ्या आमच्या शाळेच्या, वर्ष संपल्यावर उरलेल्या पानांच्या. पुढून उघडलं की माझा भूगोल आणि मागून उघडलं की तिची दिवाळी. १९८३च्या वहीत शेंगदाणा तेल आहे, हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, वेलदोडे आहेत, दळणाचे पैसे आहेत, रॉकेल आहे, कागदी पिशव्या आहेत. सुतळीसुद्धा आहे. पुडे बांधायला आणलेली २५ पैशांची सुतळी तिनं न विसरता लिहिली आहे. तिचे स्वतःचे हात मात्र त्या हिशेबात कुठेच नाहीत.

आम्ही तेव्हा बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका वाड्यात राहायचो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि रस्त्याकडची गॅलरी. बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. सकाळी त्यांचा डबा, आमच्या शाळा, पाणी, धुणी, आजीचं पथ्य, दुपारी येणारं-जाणारं, संध्याकाळचा स्वयंपाक. हे सगळं उरकून, अंथरुणं घातली गेली की रात्री साडेनऊनंतर आई सोऱ्या हातात घ्यायची. झोपेत मला तेलाचा तो चर्र आवाज ऐकू यायचा. अनारशाचं पीठ ती कुणाला हात लावू द्यायची नाही. अनारसा तुपात हसला, म्हणजे फुटून पसरला, तर ती दुसऱ्या दिवशी दिवसभर गप्प असायची. दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंत ती चार तासांपेक्षा जास्त झोपत नसे. आणि वाड्यात कुणी विचारलं तर म्हणायची, "फावल्या वेळात करते हो थोडंसं."

त्या वर्षी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातून ३० किलो चकलीची ऑर्डर आली. बाबांच्या ओळखीतून. आई आधी खूष झाली, मग तिनं वही काढली. किलोमागे तिला ४ रुपये सुटत. ३० किलोचे १२०. दिवाळी चार दिवसांवर, एकटीनं होण्यासारखं नव्हतं. मदतीला दोन बायका, १० रुपये रोजानं, चार दिवस. झाले ८०. उरले ४०. त्यात तिचे चार दिवस, चार रात्री. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसली आणि मग ऑर्डर परत केली. "एवढा व्याप आपल्याला झेपायचा नाही," एवढंच म्हणाली.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आईला धाडस नाही असं मला वाटलं होतं, आणि पुढे पुष्कळ वर्षं वाटत राहिलं. तिच्या बाबतीत मी केलेला हा अन्याय आहे. तो दुरुस्त करावा म्हणून हे लिहायला घेतलं.

तिला धाडस नव्हतं हे खरं नाही. तिचा भावच चुकलेला होता. स्वतःची मजुरी शून्य धरून तिनं चकलीचा भाव काढला होता, आणि ज्या भावात स्वतःची मजुरी बसत नाही त्यात दुसरीची कुठून बसणार? दुसरी बाई आली की तिला रोज द्यावा लागतो, कारण ती परकी. आपण आपल्याच घरात, आपल्याच शेगडीपुढे. म्हणून आपण फुकट. अशा भावावर चाललेला उद्योग एका बाईच्या दोन हातांएवढाच राहतो. ते हात थकले की तो थांबतो. आईचा १९९१ साली थांबला. तिचा उजवा खांदा धरला होता.

'उद्योग' या शब्दाचं आपल्या घरांत काय झालंय ते पाहा. दुकान काढणाऱ्या मुलाबद्दल "त्यानं उद्योग सुरू केला" म्हणतात आणि मुलीनं दूध सांडलं की "काय उद्योग करून ठेवलास?" म्हणतात. आईला तिची सासू, म्हणजे माझी आजी, फराळाच्या डब्यांकडे बघून "नसते उद्योग" म्हणायची. आजी वाईट नव्हती. तिनं स्वतः जन्मभर जे केलं त्याला कुणी कधी भाव लावला नव्हता, तर सुनेच्या चकलीला तो लागावा हे तिला कळणार कसं?

आणि हे सगळं बडोद्यात घडत होतं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. याच शहरात महाराणी चिमणाबाईंनी १९१४मध्ये स्त्री उद्योगालय काढलं. (सयाजीराव महाराजांच्या या दुसऱ्या राणी, देवासच्या घाटगे घराण्यातल्या. पहिल्या राणीही चिमणाबाईच, त्या १८८५मध्ये गेल्या.) त्याच्या तीन वर्षं आधी त्यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं. परदेशांत बायका काय काय कामं करून पोट भरतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे १९२७मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, तिच्या अध्यक्ष त्याच होत्या. पण मला त्यांच्या नावापुढे परिषदेपेक्षा उद्योगालयच आठवतं, आणि त्याला कारण आमच्या वाड्यातल्या खालच्या आजी.

खालच्या आजी बालविधवा. तरुणपणी त्या उद्योगालयात शिवण शिकल्या आणि तिथेच काम करत राहिल्या. त्या सांगायच्या, सकाळी घरातून निघायचं, काम करायचं, कामाचे पैसे हातात घ्यायचे, परत यायचं. मला लहानपणी यात विशेष काही वाटलं नाही. आता वाटतं. काम घराबाहेर, कामाला वेळ ठरलेली आणि कामाचा दर आधीच ठरलेला. घरातल्या कुणाला तो दर कमी करता येत नव्हता. वाड्यात महिनाअखेरीला हात-उसने मागायला पुरुषसुद्धा खालच्या आजींच्या दारात उभे राहायचे. माझ्या आईकडे कुणी आलं नाही, खरं तर ती आजींपेक्षा कमी काम करत नव्हती.

मी स्वतः इथल्या सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान शिकले. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या, तिथे शिकतोय याचा आम्हा मुलींना अभिमान होता. एका पदार्थाची किंमत कशी काढायची हे आम्हाला शिकवलं होतं: कच्चा माल, इंधन, मजुरी, वरखर्च, नफा. परीक्षेत मला त्यात पैकीच्या पैकी गुण होते. २००८मध्ये मी घरून भाजणी आणि मेतकूट विकायला लागले, तेव्हा मजुरीचा रकाना मी काढलाच नाही. शिकलेलं सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी कारखान्यासाठी होतं असं मनात कुठेतरी धरून बसले होते. घरच्या स्वयंपाकघरात शिरताच मी आईची मुलगी झाले.

पाच वर्षं तशीच गेली. विक्री वाढली, दमणं वाढलं, पैसे दिसेनात. शेवटी २०१३च्या पावसाळ्यात मी एक महिना घड्याळ लावून बसले. दहा किलो थालीपिठाची भाजणी: धान्यं निवडणं, धुणं, पसरणं, एकेक वेगळं खमंग भाजणं, गिरणीवर नेणं-आणणं, चाळणं, वजन करून भरणं. वाळायचा वेळ सोडून सात तास. माल किलोला ७० रुपयांचा पडत होता, मी विकत होते ९५ला. दहा किलोमागे २५० सुटले, त्यातून गॅस, दळण, पिशव्यांचे ११० गेले. सात तासांचे १४० रुपये. ताशी २०. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना मी ताशी याहून जास्त देत होते, आणि ते योग्यच होतं. त्या रात्री मी जेवले नाही.

सहाव्या आर्थिक गणनेचे आकडे मी नंतर वाचले. २०१३-१४मध्ये देशात स्त्रियांच्या मालकीचे लहानमोठे उद्योग सुमारे ८० लाख ५० हजार होते, एकूण उद्योगांच्या १३.७६ टक्के. त्यांतल्या ८३ टक्क्यांमध्ये एकही पगारी माणूस नव्हता. मालकिणीसकट सरासरी काम करणारी माणसं एका उद्योगात १.६७. भांडवल ७९ टक्के बायकांनी आपल्या आपणच उभं केलेलं. लोक हे आकडे वाचून म्हणतात की बायकांना मोठं व्हायचं नसतं, त्यांना घर सांभाळून चार पैसे हवे असतात. मला मात्र तिथे आईची परत केलेली ऑर्डर दिसली. कारणं आणखीही असतात, कर्ज, शिक्षण, रात्रीचा प्रवास, सगळं मान्य. पण तो एक पूर्णांक सदुसष्ट मला आपल्या न धरलेल्या मजुरीचाच आकडा वाटतो.

मी भाव १४० केला.

पहिल्या दोन महिन्यांत एक तृतीयांश गिऱ्हाइकं गेली. त्यात परकी थोडी, ओळखीची जास्त. हळदीकुंकवाला भेटणाऱ्या, मंडळाच्या गणपतीत शेजारी बसणाऱ्या. एक बेन अगदी प्रेमानं म्हणाल्या, "घरनुं ज छे ने, एमां आटला बधा?" घरचंच तर आहे, त्याचे एवढे? मी त्यांना काही बोलले नाही. त्या दुकानातून यंत्रावर केलेलं पाकीट घेताना भाव विचारत नाहीत, कारण त्या पाकिटामागे घर दिसत नाही. उद्योग करणाऱ्या बाईला बाजारापेक्षा ओळखीची माणसं जास्त जड जातात असा माझा अनुभव आहे. पहिली गिऱ्हाइकं तीच असतात आणि 'आपली' म्हणून सवलत मागणारीही तीच.

पण भाव वाढल्यावर एक गोष्ट झाली. दहा किलोमागे आता ५९० उरत होते. सात तासांचे २८० रुपये देऊन मी एक बाई ठेवू शकले. वाडी भागातली, माझ्याच वयाची. ती भाजायची, मी बाहेर पडायचे. सहा महिन्यांत मी अलकापुरी, मांजलपूर, कारेलीबागेतल्या दुकानांत माल ठेवला. त्यापूर्वी त्या दुकानांत जायला मला वेळ नव्हता असं नाही, भाजणी शेगडीवर सोडून जायला माणूस नव्हतं.

वेळेबद्दल थोडं बोलायला हवं. सरकारनं २०१९मध्ये वेळ-वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, घरकाम करणारे पुरुष ९७. पुन्हा २०२४मध्ये पाहिलं तेव्हा २८९ आणि ८८. दोघांचीही मिनिटं थोडी कमी झाली. मधला फरक २०२ होता, तो २०१ झाला. साडेतीन तास होत आले. म्हणजे माझ्या पाच किलो भाजणीचा वेळ, रोजचा. आणि मिनिटांपेक्षा मला त्यांचे तुकडे जास्त छळायचे. भाजणी शेगडीवर आणि दारात सिलिंडरवाला, मेतकुटाची डाळ लालसर व्हायला आली की फोन. घरात असलेली बाई मोकळीच असते, तिला कधीही हाक मारता येते, असं सगळ्यांनीच धरलेलं असतं, हाक मारणारं माणूस प्रेमाचं असलं तरी.

म्हणून मी बाबाजीपुऱ्यात एक खोली घेतली, महिना २,५०० रुपये भाड्यानं. माझ्या नवऱ्यानं तेव्हा विचारलं, घरी एवढं मोठं स्वयंपाकघर असताना भाडं कशाला? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, या खोलीला दार आहे. त्याला ते लगेच कळलं नाही, पण पहिल्या आठवड्यात संध्याकाळच्या कुकरच्या शिट्ट्या त्याच्या वाट्याला आल्या तेव्हा कळलं, आणि त्यानं ते काम आजवर सोडलेलं नाही. मला मिळालेली सगळ्यांत मोठी मदत कुठली असं कुणी विचारलं तर मी ती खोली आणि त्या शिट्ट्या सांगेन. खाद्यपदार्थांच्या नोंदणीला मी घेतली तेव्हा वर्षाचे १०० रुपये पडत होते. त्यात कधी काही अडलं नाही.

अडलं ते कर्जात. बडोद्याला सावकारीच्या पलीकडचं कर्ज फार लवकर कळलं होतं. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी इथेच १८८९मध्ये काढली. सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा १९०८मध्ये. पण आमच्या घरात, आईच्या आणि माझ्याही, बाईचं भांडवल म्हणजे पाटल्या. भाजायचं यंत्र घ्यायला मला १,८०,००० हवे होते. पाटल्या मी आधीच एकदा गहाण टाकून सोडवल्या होत्या, पुन्हा जीव धजेना. एका बँकेत गेले. साहेबांनी माझी वही बाजूला सारून विचारलं, "मिस्टर काय करतात? त्यांची पगाराची स्लिप आणलीय का? तुमच्या नावावर काय आहे?"

माझ्या नावावर काय आहे. मी घरी येऊन यावर खूप विचार केला. बाबा २००६मध्ये गेले. घर त्यांनी स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंच आई, भाऊ आणि मी सारख्या वाट्याचे वारस होतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्तीही आदल्याच वर्षी, २००५मध्ये झाली होती. आणि तरी वर्षश्राद्धानंतर मी हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. भाऊ प्रेमळ आहे, माहेर टिकावं असं मला वाटलं, मावशी म्हणाली, "बहिणीनं घ्यायचं ते साडी-चोळीचं घ्यावं." मी सही करून, पेढा खाऊन घरी आले. दहा वर्षांनी त्या साहेबांच्या टेबलासमोर मला ती सही आठवली. भावावर माझा राग नाही. पण कुठल्याही मुलीनं माझा सल्ला विचारला तर मी तिला सांगते, सही करू नकोस. माहेर तुझ्या सहीवर टिकणार असेल तर ते आधीच गेलेलं आहे.

दुसऱ्या शाखेत जाताना मी तयारी केली. मुद्रा योजना २०१५च्या एप्रिलमध्ये सुरू झाली होती. तीत तेव्हा ५० हजारांपर्यंतचं कर्ज शिशु, ५ लाखांपर्यंतचं किशोर, १० लाखांपर्यंतचं तरुण, आणि यातल्या कशालाही तारण लागत नाही. नियम छापून नेले. नवऱ्याला मुद्दाम घरी ठेवलं. तिथल्या मॅडमनी माझी वही सावकाश पाहिली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. तो मजुरीचा होता. महिनेन् महिने, माझी आणि त्या बाईची, दोघींची. त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतःला पगार लावता?" मी हो म्हटलं. "मग हप्ता कुठून येणार ते दिसतंय." सोळा दिवसांत कर्ज झालं.

लिज्जतची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. १५ मार्च १९५९, गिरगावातली गच्ची, सात जणी, उसने आणलेले ८० रुपये. सांगणारे नेहमी त्या ८० रुपयांवर थांबतात. मला त्यांची रोजची रीत जास्त मोलाची वाटते. सकाळी भिजवलेलं पीठ न्यायचं, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे आणि वजनावर लाटणावळ घ्यायची. पापडाचा भाव ठरण्याआधी लाटणारीचा दर ठरलेला असतो. म्हणून तिथे आठवी येऊ शकली, नववी येऊ शकली, आणि सात जणींच्या हजारो झाल्या. 'लाटणावळ' हा शब्दच किती चांगला आहे. दळणावळ, शिलाई, भरणावळ असे शब्द आपल्याकडे आहेत. भाजण्याच्या मजुरीला मात्र शब्द सापडेना, म्हणून आम्ही खोलीत 'भाजणावळ' म्हणतो.

आता आम्ही पाच जणी आहोत. पाच म्हणजे फार नव्हे, हे मला माहीत आहे. पण दिवाळीत ३० किलोची ऑर्डर आली तर वही काढावी लागत नाही.

गेल्या दिवाळीत आई खोलीवर आली होती. तिला ऐंशी पूर्ण झालीत, खांदा अजून दुखतो. बघते जरा, म्हणून आली आणि खुर्ची ओढून अनारशाच्या गोळ्यांना खसखस लावत बसली. मधेच एकीचा हात धरून तिला बोटं कशी फिरवायची ते दाखवलं. तुपात पहिला घाणा तिनंच सोडायला सांगितला, एकही हसला नाही. तीन तास बसली. संध्याकाळी मी सगळ्यांचे तास वहीत लिहिले, तिचेही लिहिले, आणि पाकीट तिच्या हातात दिलं.

तिनं नोटा बाहेर काढून मोजल्या. मग चष्मा लावून पुन्हा मोजल्या.

"दिवाळीचे म्हणून जास्त घातलेस का गं?"

"नाही. सगळ्यांना हाच दर आहे."

तिनं वही मागितली. आपलं नाव, पुढचे तीन तास आणि शेवटचा आकडा, यांवरून बोट फिरवत गेली. काही बोलली नाही. नोटांची घडी करून कमरेला खोचली आणि रिक्षा बोलवायला सांगितली.

खोली दहाला उघडते. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा ती पायरीवर बसलेली होती.